थांबण्याची झीज

मोटारगाडीच्या साऱ्या अवयवांत तक्रार करण्याचं रीतसर शिक्षण एकाच अवयवाला दिलेलं असतं. ब्रेकपॅडच्या अंगाला पत्र्याची एक बारीकशी जीभ बसवलेली असते. पॅड जाड आहे तोवर ती गप्प. पॅड झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला, की ती जीभ फिरत्या डिस्कला टेकते आणि किंऽऽ असा बारीक, चिवट, दात आंबवणारा सूर धरते. कुणा इंजिनिअरानं तो सूर मुद्दामच असा बेतलेला असतो, की माणसाला तो सोसू नये. इंजिन बिचारं थकलं की खोकतं, धूर काढतं, भर चौकात बंद पडतं. पण त्याला नेमकं काय दुखतंय ते सांगता येत नाही. टायर तर काही न बोलताच जातो. पॅडला मात्र आपल्या अखेरीचं निवेदन तोंडपाठ करूनच जगात पाठवलेलं असतं. दुर्दैव इतकंच, की ते निवेदन ऐकायचं ज्यांनी, त्या आपल्यासारख्यांच्या घरांत कुरकुर ऐकून न ऐकल्यासारखी करायची परंपरा फार जुनी आहे. आमच्या गाडीत तो सूर उमटला तेव्हा पावसानं असेल, शेजारच्या रिक्षाचा असेल, असे अंदाज झाले. मग रेडिओचा आवाज वाढवण्यात आला, आणि काही काळ तो सूर जुन्या गाण्यांच्या पाठीमागे तानपुऱ्यासारखा लागत राहिला.

आपल्याकडे स्वतःची गाडी स्वतः उघडून बसणं हे बऱ्या घरचं लक्षण मानत नाहीत. कोपऱ्याकोपऱ्यावर गॅरेज आहे, तिथे हातांना कायमचं काळं लागलेले तरबेज कारागीर आहेत, आणि गाडी त्यांच्या हवाली करून बाकावर चहा पीत बसण्यात थोडं सरंजामी सुखही आहे. पाना घेऊन पार्किंगमध्ये उकिडवा बसलेला गृहस्थ बहुधा दोहोंपैकी एक असतो: नुकता निवृत्त झालेला, नाही तर मेकॅनिकशी भांडलेला. मी यांतला कोणता, याची सोसायटीत दबक्या आवाजात चौकशी झाली. खरं कारण वेगळंच होतं. माझा भाचा इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ असतो. पुण्यात असताना सायकलची उतरलेली चेन चढवायलाही तो दुकान गाठायचा. तिकडे मेकॅनिकच्या तासाची मजुरी ऐकली आणि त्याच्या हातांना एकाएकी अक्कल फुटली. आता सुट्टीच्या दिवशी तो दारापुढच्या फरशीवर गाडीखाली सापडतो. "मामा, यात काही नाही रे," तो फोनच्या पडद्यातून म्हणाला, "मी आहे ना. आधी नट सैल कर, मग जॅक लाव. चाक हवेत गेल्यावर पाना लावशील तर नट सुटायचा राहील नि चाकच फिरेल. आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालायचा नाही, स्टँड लावायचा." ज्याला मी बोट धरून रस्ता ओलांडायला शिकवला, तो मला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते शिकवत होता. बँकेतून निवृत्त झालेले दुसऱ्या मजल्यावरचे काका भाजीची पिशवी घेऊन निघाले होते, ते थबकले. "पंक्चर का?" म्हणाले. ब्रेकचं काम काढलंय म्हटल्यावर "घरी?" एवढंच विचारलं. घरीच बाळंतपण करायचं ठरवलेल्या सुनेला पूर्वी डॉक्टर ज्या स्वरात विचारत असतील, तो तो स्वर होता.

चाक निघालं, की गाडी एकदम अनोळखी दिसू लागते. रोज जिच्या अंगावरून फडकं फिरवतो तिच्या पोटात हे असं काही चाललेलं होतं, हे कळून मन थोडं वरमतं. समोर गंजलेली डिस्क, तिच्या एका अंगावर चिमट्यासारखा बसलेला कॅलिपर, आणि त्याच्या आत, डिस्कच्या दोन्ही गालांना लागून, ते दोन पॅड. कॅलिपर सोडवला तर तो रबरी नळीवर लोंबू द्यायचा नाही. म्हणून त्याला तारेनं वरच्या स्प्रिंगला टांगून ठेवला. धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची, असंही भाच्यानं बजावलं; एके काळी या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, तेव्हापासूनची ही शिस्त. मग सतराचा पाना लावून कॅलिपरची चौकट काढली. आता डिस्क नुसती ओढली की हातात यायला हवी. आली नाही. हबशी तिचं इतक्या पावसाळ्यांचं गंजाचं नातं जडलं होतं. पण हे नातं जडणार हे कारखान्यालाही ठाऊक असावं, कारण डिस्कच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं खास याच वेळेसाठी ठेवलेली होती. त्यांत दोन बोल्ट घालायचे आणि आळीपाळीनं थोडे थोडे आवळत जायचं; घाई केली तर आटे जातात. एकदा याला, एकदा त्याला, असा तो समजुतीचा कार्यक्रम बराच वेळ चालला. आणि मग एकदम टण्ण असा स्वच्छ, देवळातल्या घंटेचा असावा तसा आवाज झाला, आणि डिस्क सुटली. वरच्या गॅलरीतून कुणीतरी नमस्कार केला असला तर मला नवल वाटणार नाही.

ही डिस्क बिडाची असते. आपल्याकडे घावन-धिरडी ज्याच्यावर होतात त्या तव्याचंच हे बीड. म्हणूनच गाडी रात्रभर पावसात राहिली, की सकाळी डिस्कवर तांबूस गंज चढतो, आणि पहिल्या दोन-चार ब्रेकांत पुसूनही जातो. तव्याला गंज चढू नये म्हणून आजी तेलाचा हात फिरवून ठेवी. डिस्कला ती सोय नाही. नवी डिस्क येते तीच मुळी तेलाचा हात घेऊन, आणि बसवण्याआधी तो पार पुसून काढावा लागतो. सगळ्या गाडीला वंगण हवं असतं. लोणी लावलेलं ज्याला अजिबात चालत नाही असा हा एकच भाग. एवढा सडेतोडपणा माणसांतही विरळा. जुन्या डिस्कवरून बोट फिरवलं तर काठाशी एक कंगोरा लागला आणि मध्ये बारीक बारीक वर्तुळाकार चरे. ग्रामोफोनच्या तबकडीची आठवण झाली. फरक इतकाच, की तबकडीवरची रेघ गिरक्या घेत मध्याशी जाते, म्हणून गाण्याला सुरुवात असते नि शेवट असतो. डिस्कवरचं प्रत्येक वर्तुळ आपल्यातच मिटलेलं. सुई ठेवली तरी त्यातून कुठली गोष्ट ऐकू यायची नाही.

तरी गोष्ट असणारच. नवा पॅड आणि जुना पॅड शेजारी शेजारी फरशीवर ठेवले. नव्याच्या अंगावर बोटाच्या जाडीचा मसाला, जुन्याच्या अंगावर जेमतेम नखाएवढा. मधलं सगळं गेलं कुठे? थोडं चाकाच्या रिमवर काळ्या भुकटीच्या रूपात बसलं, ते मी रविवारी रविवारी पाण्याच्या बादलीतून गटारात सोडलं. बाकीचं रस्त्यांवर सांडलं. पण भुकटी हा त्याचा हिशेब झाला, अर्थ नाही. पॅड झिजतो तो गाडी चालताना नव्हे. हमरस्त्यावर तासन्‌तास पळत राहिली तर त्याचं काही जात नाही. तो झिजतो आपण थांबतो तेव्हा. म्हणजे तो जो नाहीसा झालेला थर होता, तो आम्ही ज्या ज्या गोष्टींना धडकलो नाही त्यांचा होता. शाळेच्या रिक्षातून अर्धवट बाहेर आलेलं दप्तर, आणि त्याला घट्ट धरून बसलेली पोर. लक्ष्मी रोडवर काठापदराच्या नादात फुटपाथावरून अलगद रस्त्यात उतरलेल्या मावशी. चौकाच्या मधोमध समाधी लावून बसलेली गाय. रंग उडालेला गतिरोधक. उलट्या बाजूनं येऊन वर आपल्याकडेच रागानं बघत गेलेला स्कूटरवाला. यांतल्या कुणाला कळलंही नाही, की आपल्यापायी पॅडचा एक पापुद्रा खर्ची पडला. काही घडलं असतं तर पंचनामा झाला असता, दोन माणसं बघायला आली असती, तारीख लक्षात राहिली असती. न घडल्याची पावती कुणी फाडत नाही. आपल्या डायऱ्या, बखरी, वर्तमानपत्रं घडलेल्या गोष्टींनी भरलेली असतात. न घडलेल्या गोष्टींची नोंद जगात फार थोड्या जागी होते, आणि त्यांतली एक ही, माझ्या तळहातावरची.

दुसरी एक जागा मला लहानपणापासून माहीत होती, फक्त तिचं महत्त्व आत्ता कळलं. आमच्या वेळी तासावर भाड्यानं मिळणाऱ्या सायकलींना ब्रेक असत ते शोभेपुरते. उतारावर पुढच्या चाकाला स्लिपरचा तळवा टेकवायचा. रबराला रबर घासून एक कढत, जळका वास यायचा आणि सायकल कुरकुरत थांबायची. घरी परतल्यावर आई आधी गुडघे बघायची. गुडघे शाबूत दिसले की मी सुटलो असं मला वाटायचं. पण मग ती स्लिपर उचलून उलटी करायची आणि म्हणायची, "टेकडीच्या उतारावर गेला होतास ना?" पडल्याच्या खुणा गुडघ्यावर असतात, न पडल्याच्या खुणा चपलेवर. आईला दोन्ही लिप्या वाचता यायच्या. त्या दिवशी ती ओरडली तरी पानात चार घास जास्त वाढायची, याचं कारण मी आत्ता आत्ता जुळवू लागलो आहे.

चपलेचं आणि ब्रेकचं नातं नुसतं आमच्या गल्लीपुरतं नव्हतं, हे वाचल्यावर तर मला फारच बरं वाटलं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्यानंच बनवलेली तीनचाकी मोटार काढून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. शंभरावर किलोमीटरचा तो प्रवास मोटारीनं केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास समजतात. आणि तो कशासाठी, तर माहेरी जायला! वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेला, तेव्हा बाईंनी एका गावातला मोची गाठला आणि लाकडावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावण्याचं हे पहिलं काम झालं ते असं, चपला शिवणाऱ्या हातांनी. पुढे इंग्लंडातल्या डोंगराळ डर्बीशर भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थानं १८९७ मध्ये ब्रेकची अस्तरं बनवायचा धंदा काढला. घोडागाड्यांचे गाडीवान उतारावर ब्रेकच्या लाकडाला जुने बूट ठोकतात हे बघून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. १९०२ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यानं डिस्कब्रेकचं पेटंट घेतलं, तेही भाच्याच्या बर्मिंगहॅमातच. त्याच्या ब्रेकमध्ये डिस्कला तांबं घासायचं आणि त्याची किंकाळी अशी निघायची, की लोक हैराण. म्हणजे आमच्या गाडीचा तो किंऽऽ घराणेदार होता. आम्ही त्याला रिक्षाच्या माथी मारत होतो.

थांबणं ही फुकट मिळणारी गोष्ट नाही, हे मात्र विसरायला होतं. टनभर वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटरच्या वेगात असताना थांबवली, तर तिचा तेवढा सगळा वेग उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरतो. त्या उष्णतेवर पाऊण लिटर गार पाणी उकळेल. चार-पाच माणसांचा चहा! वेग निम्मा केला तर उष्णता निम्मी नव्हे, चौथाई होते. आणि पाचशे मीटरचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरला तर पंधरा लिटर पाण्याला उकळी फुटेल. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, घाट ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतर. बोरघाटात तर १८६३ पासून रेल्वे आहे, आणि आजही खाली उतरणाऱ्या गाड्या ब्रेकच्या तपासणीसाठी थांबा घेतात. ताबा सुटलेली गाडी वळवून चढावर नेणारे फाटेही तिथे बांधून ठेवले आहेत. डब्यातला प्रवासी घड्याळ बघून "आता इथे कशाला थांबली?" म्हणून चुकचुकतो. काही घडू नये म्हणून थांबली आहे, हे त्याला कोण सांगणार? त्याच घाटातल्या जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते, अशी दंतकथा. जाणारे-येणारे ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. आपले बाकीचे नवस काहीतरी घडावं म्हणून असतात: नोकरी लागावी, लग्न जुळावं, मूल व्हावं. ते घडलं की वाजतगाजत फेडतो. घाटातलं ते नाणं मात्र काहीही घडू नये म्हणून असतं, आणि ते आगाऊ दिलेलं असतं, कारण फेडायच्या वेळी कुणाला आठवण राहत नाही. दसऱ्याला गाडीची पूजा होते तेव्हाही झेंडूची माळ बॉनेटला, हळदकुंकू स्टिअरिंगला. चाकाआड वाकून ब्रेकला फूल वाहिलेलं मी कुठे पाहिलं नाही.

उरलेलं काम सरळ होतं. पॅड झिजत गेला तसतसा कॅलिपरमधला पिस्टन ती पोकळी भरायला पुढे सरकत आलेला असतो. नव्या जाड पॅडला जागा हवी तर त्याला मागे ढकलायला हवं. त्यासाठी पिस्टनच्या तोंडाशी जुना पॅड लावून क्लॅम्प आवळायचा, म्हणजे जोर सगळीकडे सारखा पडतो. ज्यानं जागा रिकामी केली त्याच्याच पाठीवर भार देऊन नव्याची सोय लावायची. निवृत्त बँकवाल्या काकांना हा भाग मनापासून पटला; त्यांनाही शेवटचा महिनाभर नव्या मॅनेजरला काम शिकवायला बसवलं होतं म्हणे. एव्हाना ते भाजीची पिशवी गाडीच्या टपावर ठेवून, टॉर्च धरून माझ्या शेजारी बसले होते. वॉचमनही येऊन उभा राहिला होता. तरुणपणी तो कुंभार्ली घाटातून जाणाऱ्या ट्रकवर क्लीनर होता. "आमचं काम येवढंच, सायेब," तो म्हणाला, "चढावर गाडी थांबली की उडी मारायची नि चाकामागं दगड लावायचा. दगड मांडीशीच धरून बसायचो." कधी वेळ आली होती का, असं काकांनी विचारलं. तो हसला. "रोजच यायची. म्हणून तर काय झालं नाय."

चाकं चढली, नट आवळले, गाडी जमिनीवर आली. मी किल्लीला हात घातला तर वॉचमननं थांबवलं. "आधी पायडल मारा." भाच्याचाही तोच आग्रह होता. पायडल दाबलं तर पाय सरळ तळाला गेला; पायाखाली काही नाहीच. मागे ढकललेला पिस्टन अजून पॅडपर्यंत पोचलेला नसतो, म्हणून असं होतं. पुन्हा दाबायचं, पुन्हा. हळूहळू पायाला आतून उत्तर येऊ लागतं. आधी अंधुक, मग ठाम. उभ्या गाडीत बसून, कुठेही न जाता, मी थांबण्याची खात्री करून घेत होतो, आणि बाहेर तीन माणसं (त्यांतला एक फोनच्या पडद्यात) अगदी गंभीरपणे ते बघत होती.

शेवटची सूचना भाच्यानं निरोपाच्या सुरात दिली. नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना रुळायला वेळ लागतो. पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा चढावा लागतो, तेव्हा कुठे त्यांचं जमतं. तोवर करकचून ब्रेक मारायचा नाही. रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसवर यायचं, हलक्या पायानं, पुन्हा पुन्हा; पण पूर्ण थांबायचं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नवरा-बायको गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागलो. अडचण अशी, की मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारायला पायाला काही कारणच सापडेना. कारणाशिवाय थांबायची सवय या पायाला नव्हती. मग मी मनातल्या मनात एक कुत्रं रस्त्यात सोडलं आणि वेग कमी केला. पुढे एक गाय बसवली. एका वळणावर फुगेवाला उभा केला. बायको खिडकीबाहेर बघत होती, पण दर वेळी पुढे झुकत होती. शेवटी म्हणाली, "अहो, आत्ता काय आलं मध्ये?"

"फुगेवाला."

"मला नाही दिसला."

"नव्हताच."

ती काही बोलली नाही. इतक्या वर्षांत असली उत्तरं तिच्या अंगवळणी पडली आहेत. गाडीनं परत साठ गाठली. दोन्ही बाजूंना उसाची शेतं, पुढे सरळ, लांबवर रिकामा रस्ता. आणि एकाएकी तीच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "अहो, हळू! आजोबा चाललेत."

पूर्ण थांबायचं नाही, ही भाच्याची सूचना माझ्या लक्षात होती. पण आजोबांच्या समोरून गाडी रेटून नेणं काही बरं दिसलं नसतं. मी थांबलो. ते काठी टेकत टेकत, मध्येच धोतराचा सोगा सावरत, पलीकडे पोचेपर्यंत आम्ही दोघंही वाट बघत राहिलो. मागून आलेल्या दूधवाल्यानं मात्र जोरात हॉर्न दिला. त्याला आजोबा दिसले नसावेत.